बोटभर पाणी

१

पाण्याचा दिवस म्हणजे सोलापुरात सणच, फक्त पुरणपोळी नसते. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. ते कधी सुटणार ही बातमी गल्लीत आधी पोचते आणि पाणी मागून येतं. जुळे सोलापूर भागातल्या ऋतुजाच्या घरी त्या दिवशी पातेली, बादल्या, कळशा, लोटे असे सगळे हजेरीला उभे राहायचे. खरं तर त्यांची काही गरज नव्हती. पोर्चखाली चांगला मोठा हौद होता, त्यावर शहाबादी फरशीचं झाकण, आणि हौदातलं पाणी मोटरनं गच्चीवर चढायचं. पण ऋतुजाच्या सासूचा, बजाबाईंचा, जमिनीखालच्या पाण्यावर भरवसा नव्हता. जे डोळ्याला दिसतं तेवढंच आपलं, असं त्यांचं म्हणणं.

ऋतुजाचा मात्र पाण्यावर पुरेपूर भरवसा होता. तिची भाकरीच त्यावर होती म्हणा ना. ती इंजिनिअरिंग कॉलेजात वाहत्या पाण्याची गणितं शिकवायची. वर्षाच्या पहिल्या तासाला ती फळ्यावर एक चौकोन काढायची, एक बाण आत, एक बाण बाहेर. आत आलं त्यातून बाहेर गेलं ते वजा करा, उरलं ते आतच आहे. वस्तू हवेतून येत नाही आणि हवेत जात नाही. निम्मी पोरं शेतकऱ्यांची, मार्केट यार्ड पाहिलेली. त्यांना ती सांगायची, आवक वजा जावक म्हणजे शिल्लक, यापलीकडे यात काही नाही. पोरांना ते चटकन पटायचं.

नवरा अजिंक्य कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात. आठवडाभर तिकडेच, शनिवारी घरी. म्हणजे घर असं दोघींचंच. आणि ऋतुजाला सासू आवडायची. असं उघड म्हणायची आपल्याकडे रीत नाही, पण आवडायची. तिची स्वतःची आई लहानपणीच गेलेली. लग्नानंतर पहिल्या तापात बजाबाई तिच्या कपाळावर हात ठेवून रात्रभर बसल्या होत्या, तेव्हापासून ती त्यांना आत्या म्हणायची ते तोंडदेखलं राहिलं नव्हतं.

२

उन्हाळा लागला तसं पाणी पुरेना. दोन बायकांचं घर, हौद काठोकाठ भरलेला, आणि पुढचं पाणी यायच्या आधीच मोटर कोरडी घरघरायची. प्लंबर आला, नळ बघितले, गच्चीवरची टाकी बघितली, कुठंही गळती नाही म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

मग शेजारच्या नागव्वांनी तोंड उघडलं. त्या अक्कलकोटकडच्या, मराठी बोलता बोलता मध्येच कानडीत शिरायच्या. त्यांनी शनिवारी अजिंक्यला गाठून सांगितलं, की तुझी आई भर दुपारी लुगड्यासकट अंघोळ करते आणि निथळत पोर्चमध्ये उभी राहते. हाक मारली तर वळूनसुद्धा बघत नाही. अजिंक्यचा चेहरा पडला. त्याला आधीपासून एक शंका होतीच.

शंका अशी. बजाबाई जुन्या वळणाच्या. घरातलं काही 'संपलं' असं त्या कधी म्हणायच्या नाहीत. मीठ संपत नाही, मीठ वाढतं. बांगडी फुटत नाही, वाढते. दिवा विझवायचा नसतो, वाढवायचा. संपलं हा शब्द लक्ष्मीच्या कानावर पडू नये म्हणून ही सगळी काळजी. तर महिनाभर त्या अधूनमधून सांगायच्या, "हौदातलं पाणी वाढलंय बरं का." अजिंक्य फरशी सरकवून बघायचा तर हौद निम्मा भरलेला. आई म्हणते संपलं, आणि समोर छातीएवढं पाणी. एकदा झालं, दोनदा झालं. आईचं डोकं ठिकाणावर नाही, असं त्याच्या मनानं घेतलं.

त्यानं ठरवलं, आईला करमाळ्याला थोरल्या भावाकडं, उदयसिंहकडं ठेवायचं. तिथं तिला कुणी वाईट वागवलं नसतं. पण उदयसिंह आणि त्याची बायको दिवसभर अडत दुकानात, घर शेतात, हाकेच्या अंतरावर माणूस नाही. म्हातारी कशी राहील तिथं, ऋतुजानं विचारलं. अजिंक्य म्हणाला, "इथं तरी तू कॉलेजला गेल्यावर कोण असतं?"

तिनं एवढंच मागितलं, की पंधरा दिवस दे, पाणी कुठं जातं ते मी शोधते. आत्यांचा दोष निघाला तर घेऊन जा.

३

कामाला लागण्याआधी ती नागव्वांकडं जाऊन आली. नेमकं कधी बघितलं ते विचारायला. नागव्वांनी डोळे मिटून आठवलं आणि सांगितलं, मंगळवारी. मी कपडे वाळत घालत होते, तुमची अत्ती, सासू हो, पोर्चमध्ये उभी होती, पाठमोरी, पायाशी हे एवढं तळं.

मंगळवारी दुपारी ऋतुजा सुट्टी टाकून बजाबाईंना दवाखान्यात घेऊन गेली होती. रक्तदाब तपासला, वजन केलं, येताना रसवंतीत बसून दोघींनी रस घेतला. घराला कुलूप होतं.

नागव्वांचा वार चुकला असणार. माणसं वार चुकतात, त्यात काही नवल नाही. ऋतुजा घरी परत आली आणि चहा ठेवला. चहा उतू गेला तरी तिच्या लक्षात आलं नाही.

४

मोजायचं तर आधी दिसायला हवं. हौदात किती पाणी आहे हे प्रत्येक वेळी फरशी उचलून कोण बघणार? ती फरशी सरकवायची म्हणजे कोपऱ्यातली लोखंडी पहार घेऊन दोन्ही हातांनी नेट लावावा लागायचा. ऋतुजानं कॉलेजच्या प्रयोगशाळेतली जुनी युक्ती वापरली. थर्माकोलच्या ठोकळ्यात प्लॅस्टिकची हलकी नळी रोवली, ठोकळा पाण्यावर सोडला आणि नळीचं टोक फरशीला भोक पाडून वर काढलं. पाणी चढलं की नळी वर, उतरलं की खाली. नळीवर तिनं रंगाच्या खुणा केल्या. नळाच्या पाण्याचा व्हॉल्व्ह कधी उघडला, मोटर किती वेळ चालली, तेही बघू लागली.

फरशीवरून शेजारच्या जमिनीवर जाईल अशी खडूची एक रेघ तिनं मारून ठेवली. फरशी कुणी हलवली तर रेघ मोडेल. रेघ मारताना तिचं तिलाच हसू आलं, कारण कुणी म्हणजे कोण?

बजाबाई उंबऱ्यात बसून शेंगा सोलत हे सगळं बघत होत्या. त्यांनी विचारलं, हे कशाला. ऋतुजा म्हणाली, तुमच्यावरचा आळ काढायला. बजाबाईंनी मान हलवली आणि शेंगा सोलत राहिल्या. त्यांच्या डाव्या पायात जुनं दुखणं होतं. उठून आत गेल्या तेव्हा नेहमीसारखाच एक पाय पडला आणि दुसरा फरशीवरून घासत मागून गेला.

५

दोन-तीन दिवस नळीनं काही वावगं केलं नाही. मोटर चालली की उतरायची, नाहीतर जागच्या जागी. मग एका सुट्टीच्या दुपारी ऋतुजा दिवाणखान्याच्या दारात पेपर तपासत बसली होती. आत कॉटवर बजाबाई झोपल्या होत्या, तोंड थोडं उघडं, बारीक घोरणं चालू. बाहेर ऊन असं की गल्लीतलं कुत्रंसुद्धा भुंकायचा आळस करत होतं. नळीकडं तिचं सहज लक्ष गेलं.

नळी वर येत होती.

घाईनं नाही. जड माणूस जपून एकेक पायरी उतरतो, तशी थांबत थांबत वर आली आणि एक बोट चढून थांबली. व्हॉल्व्ह बंद होता. मोटर बंद होती. खडूची रेघ सलग होती.

ऋतुजानं पेन खाली ठेवलं. जमिनीतून पाणी पाझरत असेल? पाझर असा बोटभर येऊन थांबत नाही. थर्माकोल कशाला तरी अडकून सुटला असेल? तिनं नळीला वरून टिचकी मारली, नळी मोकळी डुलली. वर आलेलं पाणी खरं होतं. आवक नाही, जावक नाही, आणि पातळी चढली. याला तिच्या शास्त्रात एकच उत्तर होतं, आणि ते शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. भांड्यातलं पाणी न ओतता वर आलं, तर भांड्यात काहीतरी उतरलंय.

हौदाची लांबी-रुंदी तिला पाठ होती. त्यावर बोटभर उंची म्हणजे पन्नासेक लिटर. बुडालेली वस्तू माणसासारखी असेल तर पन्नासेक किलो. नको असताना तिला दवाखान्यातला वजनकाटा आठवला. तिनं वळून कॉटकडं बघितलं. बजाबाई तिथंच होत्या, घोरत होत्या.

थोड्या वेळानं नळी खाली गेली. चढली होती त्याहून जरा जास्तच. हे जास्तीचं पाणी गेलं कुठं, असं मनात येतं न येतं तोच उत्तरही आलं. ओलं लुगडं बरंच पाणी घेऊन बाहेर येतं. रोज असं घेत गेलं तर हौद लवकर तळाला जाणारच. हिशोब चोख जुळला.

मागच्या बोळातून आवाज आला. एक पाय पडला, आणि दुसरा फरशीवरून घासत मागून गेला. बाथरूमची कडी सरकली.

आत बजाबाईंचं घोरणं चालूच होतं. ऋतुजा हलली नाही. उठून बोळात जावं असं तिला फार वाटलं आणि ती गेली नाही, हे ती नंतर स्वतःपासूनही लपवू शकली नाही.

६

पाणी वाढलंय. म्हातारी महिनाभर हेच सांगत होती. वाढलंय म्हणजे वाढलंय. आणि घरातल्या शिकलेल्या दोघांनी त्याचा अर्थ संपलंय असा लावला, कारण या घरात मीठही वाढतं आणि दिवाही वाढतो. आत्यांना हे दुसऱ्या शब्दात सांगताही आलं नसतं. वाढण्याला त्यांच्याजवळ दुसरा शब्दच नव्हता.

संध्याकाळी भाकरी थापताना ऋतुजानं हळूच विचारलं, "आत्या, पाणी वाढलं म्हणजे वर आलं, असंच ना?"

बजाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. "व्हय की. मग काय सांगतीया मी? तुमी ऐकताय कुटं."

"आत कोण आहे?"

"काय ठावं. तोंड दावत न्हाय. पर माज्यासारकं चालाय शिकलंय बग." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "आदी पाय नीट टाकायचं ते. आता घासतंय."

ऋतुजानं विचारलं, मग इतके दिवस भीती नाही वाटली? बजाबाई म्हणाल्या, भ्यायचं काय त्यात, पाणी तर पाणी. मला फकस्त हितनं हलवू नका, तू हायस तवर मला काय होत न्हाय. आणि त्यांनी पिठाच्या हातानं ऋतुजाचा गाल पुसला, जणू पीठ तिच्याच गालाला लागलं होतं. त्या क्षणी ऋतुजानं मनाशी ठरवलं, की काही झालं तरी ह्यांना जाऊ द्यायचं नाही.

७

पंधरा दिवस भरले तसा अजिंक्य आला, आणि ऋतुजानं त्याला सगळं सांगितलं. पातळी, व्हॉल्व्ह, खडूची रेघ. बोळातली पावलं. तो शहाणा माणूस होता, चिडला नाही. पाईपमध्ये हवा धरली की असं होतं म्हणाला, जुन्या हौदाला तळातून झरा लागतो म्हणाला. आणि शेवटी म्हणाला, की आईच्या नादानं आता तुलाही भास व्हायला लागलेत. त्याला खरोखर काळजी वाटत होती, हे ऋतुजाला दिसत होतं. म्हणूनच तिला त्याच्याशी धड भांडता आलं नाही. रविवारी दुपारी निघायचं ठरलं.

बजाबाईंनी रडारड केली नाही. फक्त म्हणाल्या, न्हाऊन येते. अजिंक्य गाडीत सामान लावत होता. ऋतुजा कोपऱ्यावरच्या दुकानातून त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणायला गेली. दुकानात गर्दी होती.

ती परत आली तेव्हा बजाबाई गाडीत पुढच्या सीटवर बसलेल्या. केस ओले, लुगडं ओलसर, पदर कपाळाच्या खाली ओढलेला. अजिंक्य म्हणाला, "तुझीच वाट बघत होतो." ऋतुजानं गोळ्या आत्यांच्या हातात दिल्या. हात गार होता आणि बोटांची कातडी सुरकुतून पांढरी पडली होती, दिवसभर धुणं धुतलेल्या बाईची असते तशी. आत्ताच न्हाल्यात, असणारच, असं ऋतुजा मनात म्हणाली.

"येता ना परत?" तिनं विचारलं.

"जाते," पदराआडून उत्तर आलं.

गाडी वळून दिसेनाशी झाली तरी ऋतुजा फाटकात उभी होती. निरोप घेताना बाई जाते म्हणत नाही, येते म्हणते. शेजारी साखर मागायला गेलेली बाईसुद्धा येते म्हणते. आत्या रागावल्या असतील. रागाच्या भरात माणूस बोलून जातो.

८

घर रिकामं झालं की आवाज मोठे होतात. फ्रिजचा, पंख्याचा, कुठल्यातरी नळाच्या थेंबाचा. ऋतुजानं कॉटवरची चादर झाडून घातली, मग तीच पुन्हा काढून घातली. पोर्चमध्ये यायचं ती टाळत होती. आली तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं.

नळी एक बोट वर होती. खडूची रेघ सलग होती.

तिनं मुद्दाम फळ्यावर काढावा तसा चौकोन मनात काढला, या घराचा. घरात तिघं होते. दोघं गाडीतून बाहेर गेले. एक उरलं पाहिजे, आणि ते एक म्हणजे ती स्वतः. मग हौदात बोटभर पाणी कुणाचं? ते दुसरं जे होतं ते अजून आत असेल, तर ठीक. पण ते बाहेर गेलेलं असेल तर? हिशोबाला किती ते कळतं, कोण ते कळत नाही. इतकी वर्षं शिकवून हे तिच्या आज लक्षात आलं.

फोन वाजला. अजिंक्य. मोहोळच्या पुढं एका हॉटेलाबाहेर गाडी उभी केलीय म्हणाला. आई सारखी पाणी पितीय. घरून घेतलेल्या बाटल्या झाल्या, इथं घेतलेल्या झाल्या, आणि आता म्हणती जवळ कॅनॉल आहे तिकडं ने. त्याचा आवाज दमलेला होता.

"ती आहे कुठं?" ऋतुजानं विचारलं.

"ही काय, शेजारीच बसलीय. फोन स्पीकरवर आहे, बोल की."

ऋतुजाच्या समोर नळी हलली. खाली गेली आणि वर आली, पुन्हा खाली गेली आणि वर आली. खालून कुणीतरी ती धरून ओढत होतं, जोर फारसा नसलेल्या हातानं. ऋतुजा गुडघ्यांवर बसली. नळीच्या कडेनं भोकातून आत काळोख दिसत होता, आणि काळोखात पाण्यावर काहीतरी पांढरं, केसांइतकं बारीक, पसरून तरंगत होतं. ते जरासं वळलं.

"सूनबाई," हौदातून आवाज आला. थंडीनं दात वाजत होते त्याचे. "आगं, माज्या लुगड्यात कोण गेलं गं?"

फोनवर अजिंक्यनंही ऐकलं होतं. हॉटेलातल्या कपबश्यांचा आवाज तेवढा येत राहिला.

"ऋतुजा," तो अगदी हळू म्हणाला. "हा आवाज कुणाचा?"

ती सांगणार होती. पण तिला ते तरी कुठं ठाऊक होतं? खाली आत्या असतील, किंवा जे आत्यांसारखं चालायला शिकलं ते आता बोलायलाही शिकलं असेल. तिनं भोकाला कान लावला. आत कुणीतरी रडू आवरत होतं, आवाज होऊ नये म्हणून पदर तोंडात धरून. असं रडताना तिनं आत्यांना एकदाच पाहिलं होतं, मामंजी गेले तेव्हा.

"ऋतुजा, ती पाणी प्यायची थांबलीय," फोनमधून अजिंक्य म्हणाला. "नुसती माझ्याकडं बघतीय. तू बोलत राहा. फोन ठेवू नकोस."

ऋतुजानं कोपऱ्यातली पहार ओढून आणली आणि तिचं टोक फरशीच्या फटीत घातलं. एका हातानं नेट लावून पाहिला. फरशी हलली नाही. पहारीला दोन्ही हात लागत होते.

तिनं फोन खाली ठेवला.